दहापैकी चार देणारे मेलिस आके

मेलिस आकेंनी आजवर कुठल्याच खेळाला दहापैकी दहा दिलेले नाहीत. नऊ एकदाच दिले होते, आणि त्याचंही त्यांना अजून वाईट वाटतं. बिश्केकच्या एका साप्ताहिकाचं शेवटचं पान गेली वीसेक वर्षं त्यांच्या ताब्यात आहे. वर शब्दकोडं, मधे बुद्धिबळाचा प्रश्न, कोपऱ्यात हवामान आणि तळाशी वीतभर जागेत कम्प्युटरवरच्या खेळाचं परीक्षण. आमच्या शहरात लोक तो अंक मागच्या पानापासून वाचायला घेतात.

जन्म सोव्हिएत काळातला. वडिलांनी हौसेनं चार बड्या पुढाऱ्यांची आद्याक्षरं जुळवून नाव ठेवलं, मेलिस; 'आके' हे आमच्याकडं वडीलधाऱ्याला आदरानं लावतात ते. पुढं त्या पुढाऱ्यांचे पुतळे जागचे हलले, काही मागच्या गल्लीत गेले. 'माझं नाव म्हणजे बुडालेल्या राज्याची खूण आहे, मला कसली भीती दाखवता,' असं ते स्वतःच म्हणतात. अंगानं काटकुळे, कोटाच्या खिशात कायम भाजलेले जर्दाळूच्या बियांचे दाणे, आणि समोरचा बोलत असताना ते एकेक करून चावायची सवय. सवय वाईट आहे. आपण तळमळून काही सांगावं आणि पलीकडून कुडुम् कुडुम् ऐकू यावं, याचा राग येतो.

या धंद्यात ते अपघातानंच पडले. शहरात तळघरांतून कम्प्युटर क्लब निघाले तेव्हा संपादकांनी त्यांना 'तरुण पिढी कशी वाया चालली आहे' असा लेख लिहायला पाठवलं. आके गेले, नीट बघून लिहावं म्हणून एका खुर्चीवर बसले. समोर राज्य उभारायचा खेळ होता, आधी आपण चाल करायची, मग शत्रूनं, आपल्या पटावरच्या सोंगट्यांसारखाच. गावं वसवा, कालवे खणा, सैन्य पोसा. दुसऱ्या दिवशी त्यांची बायको शोधत आली तेव्हा ते त्याच खुर्चीवर होते आणि त्यांची राजधानी जळत होती. लेख आला, पण तो तरुण पिढीबद्दल नव्हता. आपण हिवाळ्यासाठी धान्य न साठवता लढाईला का गेलो, याबद्दल होता.

तेव्हापासून त्यांचा नियम ठरला. ज्या खेळात आपण एकदा तरी हरलो नाही, त्याबद्दल लिहायचं नाही. जिंकताना खेळणाऱ्याला स्वतःचंच कौतुक असतं, त्याला खेळ दिसत नाही. हरला की मग तो डोळे उघडून बघतो, असं त्यांचं म्हणणं.

आता आमची गोष्ट. माझं नाव बुरुल. मी चित्रं काढते. माझा नवरा एलामान खेळ बनवतो, आणि त्याच्याबरोबर आणखी दोघं आहेत, एक संगीतवाला आणि एक हिशेबी डोक्याचा. आम्ही चौघांनी मिळून, संसार आणि झोप यांची वाट लावून, 'ओर्दो' नावाचा खेळ केला. ओर्दो म्हणजे खानाची छावणी. येनिसेई नदीकाठचं आमच्या पूर्वजांचं जुनं राज्य, एक चाल म्हणजे एक ऋतू, आणि खेळणारा म्हणजे खान. एलामाननं त्यासाठी चांगली नोकरी सोडली होती.

कामाला लागण्यापूर्वी तो वडिलांचा आशीर्वाद घ्यायला गावी, आत-बाशीला गेला. मीही होते. सासऱ्यांचं नाव सुनेनं घ्यायचं नसतं, त्यामुळं ते मी इथंही लिहिणार नाही. जन्मभर घोडे पाळलेला माणूस, नऊ-नऊ खळ्यांच्या पाटावर तोगुझ कोर्गोल खेळण्यात अख्ख्या खोऱ्यात कुणाला हार न जाणारा. त्या वर्षी त्यांच्या डाव्या अंगावरून वारं गेलं होतं. हात मांडीवर पडून असायचा. त्यांनी उजव्या हातानं डावा उचलला, दोन्ही तळवे उघडे धरले आणि आशीर्वाद दिला. पण एक अट घातली. खान पडायला नको. सपाता घालून खुर्चीत बसलेल्या कुठल्याही पोरासोरानं आपल्या पूर्वजांची छावणी जाळावी, हे त्यांच्या आत्म्यांना आवडणार नाही. एलामाननं तळवे तोंडावरून फिरवले. म्हणजे शब्द दिला.

असा शब्द आमच्याकडं मोडत नाहीत. मोडला तर त्या कामाला यश नाही, आणि मोडणाऱ्याला घर नाही. तेव्हा एलामाननं खेळात सोय केली. छावणी पडायच्या बेतात आली की डोंगरामागून दहा हजार घोडेस्वार येत आणि शत्रूला हाकलून देत. ते कुठून येत, त्यांना कोण पोसत होतं, काही विचारायचं नाही. ते दहा हजार घोडे मीच रंगवले. फार देखणे झाले होते.

खेळ बाहेर आला आणि कौतुकाचा पूर आला. आमच्याकडं कोरुमदुकची रीत आहे. नवी सून, नवं बाळ, नवं घर, जे पहिल्यांदा बघाल त्याच्या हातावर काहीतरी ठेवायचं आणि तोंडभरून चांगलं बोलायचं. नाक नकटं असलं तरी त्या दिवशी ते सरळच असतं. तसंच झालं. वर्तमानपत्रांनी दहा दिले. दूरचित्रवाणीवाल्यांनी एलामानच्या अंगावर भरजरी झगा चढवला, डोक्यावर पांढरी टोपी ठेवली. परदेशातल्या दोन-तीन परीक्षकांनीही बरं लिहिलं: चित्रं सुंदर, संगीत वेगळं, लढाया जरा सोप्या. सासूबाईंनी तो झगा भिंतीवर टांगला.

आणि लोक दोन दिवस खेळून खेळ बंद करत होते. ते आम्हाला आकड्यांत दिसायचं. वाईट कुणीच बोलत नव्हतं, परत कुणीच येत नव्हतं. एलामान रोज नवं काहीतरी घालायचा, नवे गरुड, नवे तंबू, आणि लोक 'वा, वा' म्हणून निघून जायचे. बाकीच्या दोघांनी सांगितलं, वसंतापर्यंत बघू, नाहीतर आम्हाला मॉस्कोत कामं बघावी लागतील. एलामानचं जेवण सुटलं.

अशात मेलिस आकेंचा फोन आला. ओळख नाही, पाळख नाही.

"एलामान का? बाळा, तुझ्या खानाला मारायचं कसं?"

एलामानला वाटलं, चेष्टा करतायत. ते चेष्टा करत नव्हते. आठवडाभर ते हरायचा प्रयत्न करत होते. त्यांनी सगळं सैन्य शिकारीला पाठवलं, घोडे शेजाऱ्यांना वाटून टाकले, भर हिवाळ्यात खिंड ओलांडली, शेवटी खानाला एकट्याला शत्रूच्या तंबूसमोर नेऊन उभं केलं. दर वेळी डोंगरामागून दहा हजार घोडेस्वार. हरल्याशिवाय लिहायचं नाही हा नियम, आणि अंक छापायला जायचा होता. एलामाननं काहीतरी गुळमुळीत उत्तर देऊन फोन ठेवला.

आकेंनी पहिल्यांदाच आपला नियम मोडला आणि परीक्षण आलं. 'या आठवड्यात मी हरायचा फार प्रयत्न केला,' अशी सुरुवात होती. चित्रांना त्यांनी मनापासून दाद दिली होती, माझ्या घोड्यांच्या आयाळीबद्दल एक अख्खं वाक्य होतं, ते मी अजून विसरलेली नाही. पण खाली लिहिलं होतं की जिथं पडायची भीती नाही तिथं उभं राहण्यात काही पराक्रम नाही. हे साम्राज्य नव्हे, पाळणा आहे. दहापैकी चार.

मग काय, गावानं त्यांना धुऊन काढलं. पहिल्यावहिल्या किरगिझ खेळाला चार? हा माणूस आपला की परका? याला स्वतःच्या सात पिढ्यांची नावं तरी येतात का? एलामानचे एक काका त्यांचा पत्ता विचारत फिरत होते, आणि काकांचा हात जड आहे. एलामान गप्प होता, ते मला जास्त लागलं. दोन दिवसांनी तो म्हणाला, चल, आणि मी त्याला साप्ताहिकाच्या कचेरीत घेऊन गेले. वाटेत मी ठरवलं होतं की तो बोलला नाही तर मी बोलेन.

बोलायची वेळ आली नाही. एलामान टेबलाशी उभा राहून जे बोलायला लागला ते थांबेचना. तुम्ही रीत पाळली नाही, म्हणाला. पाहुणासुद्धा पहिल्या दिवशी बाळाला नावं ठेवत नाही. मेलिस आके दाणे चावत ऐकत होते.

"बाळ असतं तर मीही हातावर काहीतरी ठेवलं असतं," ते म्हणाले. "पण मला सांग, त्याला तू चालू का देत नाहीस?"

तेव्हा एलामाननं अट सांगितली. आजवर घरचे आणि आम्ही चौघं सोडून ती कुणाला ठाऊक नव्हती. खेळ जगवायचा तर वडिलांना दिलेला शब्द मोडायचा, शब्द राखायचा तर खेळ मेला. सांगता सांगता तो खुर्चीत बसला आणि रडला. माझा नवरा मी आधी कधी रडताना पाहिला नव्हता.

दाणे चावायचे थांबले. आकेंनी विचारलं, "वडील पाहुण्यांना येऊ देतात ना?"

पुढच्या रविवारी आम्ही तिघं आत-बाशीला निघालो. मी वाटभर सांगत होते की सासऱ्यांना ते परीक्षण कुणीतरी वाचून दाखवलेलं आहे. आके म्हणाले, चांगलं झालं, माझे वाचक तिकडं कमीच आहेत.

सासूबाईंचा चेहरा बघण्यासारखा होता. पण दारात आलेला शत्रूही पाहुणाच. मेंढा कापला, पातेलं चढलं, आणि मानाचं डोकं रीतीप्रमाणं आकेंच्या पुढ्यात आलं. शेजारचे दोघं म्हातारे मुद्दाम बघायला आले होते. जेवण अर्ध्यावर आलं तेव्हा सासऱ्यांनी विचारलं, "चार देणारा तो तूच का?"

"मीच, अक्साकाल," आके म्हणाले, पांढऱ्या दाढीच्या वडीलधाऱ्याला म्हणतात तसं.

"आमच्या खानाला चार?"

"खानाला नाही. खानाची माझी भेटच झाली नाही. तुमचे घोडेस्वार भेटूच देत नाहीत."

शेजारचा एक म्हातारा हसला आणि लगेच खोकला. सासरे हसले नाहीत. हात धुऊन झाल्यावर त्यांनी मला फळीवरचा पाट काढायला सांगितला. त्यावर धूळ होती. आजारपणापासून ते एखाद-दुसरा डाव खेळायचे, जिंकायचे, आणि 'झोप येतेय' म्हणून भिंतीकडं तोंड करून पडायचे. पुढं पुढं मागायचेही बंद झाले. आम्ही म्हणायचो, आजार आहे, चालायचंच.

"बस समोर," ते आकेंना म्हणाले. "तू सगळ्यांना मार्क देतोस, आज तुला मी देतो."

इथं एक सांगायला हवं. आमच्या घरात त्यांच्याशी सगळे हरायचे. सासूबाईंनीच तो दंडक घातला होता. एवढा मोठा माणूस अंथरुणाला खिळलाय, निदान पाटावर तरी जिंकू दे. एलामान हरायचा, शेजारी हरायचे, मशिदीतले मुल्लासुद्धा दोन चांगल्या चाली सोडून तिसरी वेडी चाल करायचे. मेलिस आकेंना हे कुणी सांगितलं नव्हतं. सांगायची गरजच काय, वडीलधाऱ्या, आजारी यजमानाला त्याच्याच घरात कोण हरवेल?

चार-पाच चालींतच आमच्या लक्षात आलं की हा माणूस हरवणार आहे. एकेक गोटी मोजून टाकत होता, सासऱ्यांचं एक खळं तर त्यानं सरळ आपल्या नावावर करून घेतलं. सासूबाईंनी आधी डोळ्यांनी खुणावलं. मग भुवयांनी. मग त्यांनी चहाची किटली उचलली आणि आकेंचा पियाला काठोकाठ भरला. आमच्याकडं मानाच्या पाहुण्याला चहा तळाशी घोटभर ओततात, म्हणजे पुन्हा पुन्हा ओतता येतो. काठोकाठ पियाला म्हणजे, आता उठा. आकेंना हे कळत नव्हतं असं नाही. त्यांनी तो पियाला सावकाश, सगळा प्यायला, रिकामा करून बाजूला ठेवला आणि पुढची चाल केली. मला त्या क्षणी त्यांचा राग आला होता आणि हसूही.

सासरे वाकून खेळत होते. त्यांच्या कपाळावर घाम आला होता. किती दिवसांत मी त्यांना असं बसलेलं पाहिलं नव्हतं. एकदा तर चाल सुचल्यावर त्यांनी मांडीवर थाप मारली. पण शेवटी जिंकलेल्या गोट्या ठेवायची आकेंची कोठी आधी भरली. डाव संपला.

एलामान खाली बघत होता. सासऱ्यांनी आमच्या सगळ्यांच्या तोंडाकडं एकेक करून बघितलं, शेजाऱ्यांकडं, मुलाकडं, माझ्याकडं, आणि शेवटी बायकोकडं. तिच्यावर नजर थांबली.

"केव्हापासून?" त्यांनी विचारलं.

सासूबाई कधी खोटं बोलत नाहीत, तो त्यांचा एकच दोष. "तुम्ही पडलात तेव्हापासून," त्या म्हणाल्या.

मला वाटलं, आता पाट उलटा होणार. सासरे पाटावरच्या रिकाम्या खळ्यांवरून बोट फिरवत राहिले. बोलले तेव्हा आवाज एकदम लहान होता.

"मला वाटलं, माझं डोकं गेलं. समोरचा अशी चाल का करतो, हेच मला कळेना. इतकी वर्षं खेळलेली माणसं, आणि एकाचीही चाल समजेना. म्हटलं, हाताबरोबर अक्कलही गेली. तुम्हाला कळू नये म्हणून झोप आली म्हणायचो."

सासूबाईंच्या हातातली किटली मी घेतली, नाहीतर पडली असती. प्रेमानं आम्ही त्या माणसाचं काय करून ठेवलं होतं, ते आम्हाला त्या एका वाक्यात समजलं. मेलिस आके मान खाली घालून बसले होते. त्यांनाही हे अपेक्षित नव्हतं.

"पुन्हा खेळू," सासरे म्हणाले.

दुसरा डाव ते हरले, पण थोडक्यात. तिसरा जिंकले, आणि तो खरा जिंकले हे आकेंच्या तोंडावरूनच दिसत होतं. माणूस चांगलाच चिडला होता. सासऱ्यांनी निकाल दिला, "तुला आठ. पहिल्या डावात दोन चाली आळसात खेळलास." आकेंनी छातीवर हात ठेवून मान लववली.

मग एलामान वडिलांच्या समोर गुडघ्यांवर बसला. काय मागायचं ते त्याला मागता येईना. वडिलांनी त्याला फार वेळ बसवून ठेवलं नाही. उजव्या हातानं डावा हात उचलला, दोन्ही तळवे उघडे धरले.

"मी नुकता पडलो होतो, म्हणून तसं बोललो," ते म्हणाले. "पडू दे खानाला. त्याच्याशी खरं खेळा. तुझ्या कामाला यश येवो."

आम्ही सगळ्यांनी तळवे तोंडावरून फिरवले, मेलिस आकेंनीही.

वसंतात खेळाची नवी आवृत्ती आली. दहा हजार घोडेस्वार गेले. माझ्या जीवावर आलं, पण गेले. छावणी जळतानाचं चित्र मी तीनदा काढलं आणि तीनदा फाडलं, चौथं ठेवलं. मग जगभरातून लोकांनी लिहायला सुरुवात केली: तिसऱ्या हिवाळ्यात माझे घोडे मेले, माझा खान पळाला, माझं सगळं गेलं. तक्रारीसारखं लिहायचे आणि दुसऱ्या दिवशी परत खेळायला यायचे. ज्या परदेशी परीक्षकांनी आधी 'बरा' म्हटलं होतं त्यांनी पुन्हा खेळून पुन्हा लिहिलं. मॉस्कोला कुणी गेलं नाही. मेलिस आकेंनी सात दिले, आणि वर लिहिलं की नदीवरचे पूल अजून फारच स्वस्त आहेत. एलामान तो अंक घेऊन घरभर नाचला. सात! दहा मिळाले होते तेव्हा तो असा नाचला नव्हता.

लोक मला अजून विचारतात, त्या खडूस माणसाचं तुम्हाला एवढं काय? मी काय सांगणार. आमच्यावर माया करणारी माणसं पुष्कळ होती. आमच्याशी खरं बोलायची तसदी एकानंच घेतली, आणि त्यासाठी काठोकाठ पियालाही गिळला. दर शरदात आत-बाशीहून त्यांच्या घरी अर्धा मेंढा जातो. तो सासूबाई स्वतः बांधून देतात.

त्या उन्हाळ्यात आम्ही लॅपटॉप घेऊन गावी गेलो आणि सासऱ्यांपुढं ठेवला. त्यांना खेळ समजायला वेळ लागला नाही, घोड्यांचा खेळ. दोन दिवस ते कुणाशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी दुपारी त्यांची छावणी पडली. मी काढलेल्या त्या ज्वाळा पडद्यावर चढत गेल्या, सासूबाईंनी डोक्यावरच्या रुमालाचं टोक तोंडाला लावलं, एलामान दाराशी उभा राहून बघत होता. आपल्या बापाच्या डोळ्यांदेखत आपणच खान पाडला, असा त्याचा चेहरा झाला होता.

सासरे जळणाऱ्या छावणीकडं शेवटपर्यंत बघत राहिले. मग त्यांनी फोन मागितला आणि मेलिस आकेंना लावला.

"पडला," ते म्हणाले. "दक्षिणेकडून आले. आता मला सांग, मी चुकलो कुठं?"

पलीकडून आके बराच वेळ काहीतरी सांगत होते. सासरे ऐकत होते, मधूनच मान हलवत होते, एकदा भांडले, एकदा मोठ्यानं हसले. फोन ठेवला, उशी पाठीशी सारखी केली आणि एलामानला जवळ बोलावलं.

"परत मांड," ते म्हणाले.